मॅकशेनचा वाचनतक्ता: वाचन होते, आज्ञापालनाचे काय?

रोज चार अध्याय वाचा, वर्षात अख्खे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, होते. मॅकशेनच्या वाचनतक्त्याची ओळख सहसा अशीच करून दिली जाते, आणि ती थोडी कमी सांगते. जुन्या कराराचे अध्याय 929, नव्या कराराचे 260. तक्त्यात जुना करार एकदा होतो, पण नवा करार आणि जुन्या करारातलीच स्तोत्रसंहिता दोनदा. म्हणजे 929, त्यावर स्तोत्रांच्या दुसऱ्या फेरीचे 150 आणि नव्या कराराच्या दोन फेऱ्यांचे 520, मिळून 1599. 365 दिवसांत वाटले की रोजचे सव्वाचारच्या वर जातात. त्यामुळे बऱ्याच दिवशी एखाद्या रकान्यात दोन अध्याय जोडून दिलेले असतात. वचनांत मोजले तर दिवसाला सुमारे 114. जरा थांबत, समजून घेत वाचणाऱ्याला यासाठी अर्धा तास लागतोच. ‘दहा मिनिटांत उरकेल’ असे समजून सुरुवात करणारे महिन्याभरात गळतात. त्यात दोष त्यांच्या भक्तीचा नसतो, वेळेचा अंदाजच चुकलेला असतो.

रॉबर्ट मरे मॅकशेन हे स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात सेंट पीटर्स मंडळीचे पाळक होते. 1842 च्या अखेरीस त्यांनी आपल्या मंडळीसाठी हा तक्ता तयार केला आणि त्याला ‘रोजची भाकर’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढच्याच मार्चमध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, टायफसच्या तापाने ते गेले. स्वतःच्या तक्त्याचे एक पुरे वर्षही त्यांच्या वाट्याला आले नाही. तक्ता मात्र आजही छापील कार्डावर, बायबलच्या मागच्या पानांत आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये मिळतो, आणि त्यावर कोणाचा हक्क राहिलेला नसल्याने मोकळेपणाने छापता येतो.

इथे त्याचे परीक्षण एकाच प्रश्नापुरते आहे. देवाशी निष्ठेने राहायला आणि नम्रपणे त्याची आज्ञा पाळायला हे साधन कितपत उपयोगी पडते? निकाल आधीच सांगून टाकतो: निष्ठेसाठी उत्तम, आज्ञापालनासाठी अर्धे, आणि नम्रतेच्या बाबतीत जपून हाताळले नाही तर उलटणारे.

रचना सोपी आहे. रोज चार रकाने. पहिले दोन कुटुंबाने एकत्र वाचायचे, पुढचे दोन एकट्याने. पहिल्या रकान्यात उत्पत्तीपासून 2 इतिहासापर्यंत, तिसऱ्यात स्तोत्रे वगळून एज्रापासून मलाखीपर्यंत. दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यांत नवा करार आणि स्तोत्रे, प्रत्येकात एकदा. 1 जानेवारीला चारही रकान्यांत आरंभच आहेत: उत्पत्ती 1, मत्तय 1, एज्रा 1, प्रेषितांची कृत्ये 1. जग सुरू होते, प्रभू येतो, बंदिवासातून लोक परततात, मंडळी जन्मते. पुढे कोणते अध्याय कोणाशेजारी येतील हे फक्त क्रमाने ठरते. पण हाच योगायोग या तक्त्याचे मोठे बळ आहे. आपल्या आवडीचे उतारे निवडणारा माणूस जे अध्याय कधी शेजारी ठेवणार नाही, ते तक्ता ठेवतो.

7 जानेवारीचे पान घ्या. उत्पत्ती 7, मत्तय 7, एज्रा 7, कृत्ये 7. एकूण 141 वचने, म्हणजे सरासरीपेक्षा जड दिवस. उत्पत्तीत नोहा तारवात शिरतो, आणि परमेश्वराने जे जे आज्ञापिले ते सर्व त्याने केले अशी नोंद येते. आदल्या दिवशीच्या सहाव्या अध्यायात मापे आलेली असतात: 300 हात लांब, 50 हात रुंद, 30 हात उंच, तीन मजले, आतून-बाहेरून डांबर. एवढ्या कामात नोहाच्या तोंडी एक शब्दही नाही. त्याचे बोलणे थेट नवव्या अध्यायाच्या शेवटी येते. मत्तयाच्या सातव्यात ‘प्रभो, प्रभो’ म्हणणारे, प्रभूच्या नावाने महत्कृत्ये केलेले लोक न्यायाच्या दिवशी पुढे येतात आणि त्यांना ओळखच मिळत नाही. त्याखालीच दोन घरांचा दृष्टांत आहे. दोघेही घरमालक ऐकतात, दोघांवर तोच पाऊस, तोच पूर, तोच वारा. फरक एवढाच की एकाने ऐकलेले केले. एज्रा 7:10 मध्ये क्रम दिला आहे: एज्राने नियमशास्त्र शोधायचे, ते पाळायचे आणि मग इस्राएलात शिकवायचे असे मनाशी धरले होते. मधली पायरी गाळून पहिल्यावरून थेट तिसरीवर उडी मारणे हा मंडळीतल्या शिकलेल्या माणसाचा नेहमीचा आजार. आणि कृत्यांच्या सातव्यात स्तेफन न्यायसभेला सांगतो की आपल्या पूर्वजांना आज्ञा पाळायची नव्हती, आणि तुम्ही ताठ मानेचे आहात, नियमशास्त्र मिळूनही ते पाळले नाही.

चार वेगळ्या काळांतली, चार वेगळ्या हातांची पुस्तके एकाच सकाळी एकाच ठिकाणी बोट ठेवतात. असा दिवस एखाद्याने विचारपूर्वक जुळवायला घेतला असता तरी याहून नेमका जमला नसता. रोजच असे घडत नाही, हेही सांगायला हवे. बरेच दिवस चार रकाने चार दिशांना असतात आणि त्यांच्यात ओढूनताणून धागा शोधू नये.

आता उणी बाजू. 7 जानेवारीचे चारही अध्याय वाचून कोणी तक्त्यावर बरोबरची खूण केली, तर तक्त्याच्या दृष्टीने दिवस संपला. नोहाने तारू बांधले नसते आणि फक्त मापे वाचली असती, तरी त्याची खूण झालीच असती. तक्ता वाचन मोजतो. पाळणे मोजायला त्यात जागाच नाही, आणि जी गोष्ट मोजली जाते तिच्याकडेच माणसाचे लक्ष जाते. मॅकशेन यांना हे ठाऊक होते. तक्त्यासोबतच्या पत्रात त्यांनी स्वतःच चार धोके लिहून ठेवले: नुसता उपचार होणे, स्वतःला नीतिमान समजणे, उरकल्यासारखे वाचणे, आणि काहींना हे जू पेलण्यापलीकडचे होणे. बनवणाऱ्यानेच वेष्टनावर सावधानतेची सूचना छापावी तसे हे आहे. आजच्या बहुतेक छापील कार्डांवर आणि अ‍ॅपमध्ये ते पत्र गाळलेले असते. तक्ता घेताना सूचनेसकट मिळाला तर तोच घ्यावा.

आज्ञापालनाची अर्धी राहिलेली बाजू वापरणाऱ्याने स्वतः बसवायची. त्याची एक साधी रीत आहे. दर दिवसापुढे एकऐवजी दोन खुणा ठेवायच्या. वाचून झाले की टिंब. त्या वाचनातली एक गोष्ट केली की त्या टिंबावरून रेघ. टिंब सकाळी पडते, रेघ संध्याकाळी, कधी तीन दिवसांनी, कधी पडतच नाही. महिन्याच्या शेवटी टिंबे 30 आणि रेघा 6 दिसल्या, तर वाचकाला स्वतःविषयी जे कळते ते टिंबांच्या सलग ओळीवरून कधीच कळले नसते.

ही एक गोष्ट लिहायची कशी, यावर सगळे अवलंबून आहे. ‘नम्र राहणे’, ‘विश्वासू होणे’, ‘प्रीती करणे’ अशा ओळी वहीत छान दिसतात, पण त्यांवर रेघ मारता येत नाही, कारण त्या कधी पूर्ण झाल्या हे ठरवायलाच मार्ग नाही. ओळीत तीन गोष्टी हव्यात: क्रियापद, माणूस आणि वेळ. ‘आजच्या बैठकीत धाकट्या सहकाऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये तोंड घालायचे नाही.’ ‘रात्री झोपण्यापूर्वी भावाला फोन करून, मी चुकलो, असे पण-परंतु न लावता म्हणायचे.’ ‘उसने घेतलेले पैसे शनिवारपर्यंत परत, विचारण्याची वाट न बघता.’ असे लिहिले की रेघ पडली की नाही यात संदिग्धता उरत नाही. आणि दिवसाला एकच. चारही रकान्यांतून एकेक काढायला गेलात तर वर्षाच्या 1460 होतील, आणि एवढ्या कोणाच्याही हातून होणार नाहीत. मग माणूस ओळी सौम्य करू लागतो, म्हणजे पुन्हा ‘नम्र राहणे’वर येतो.

कोणते वचन आपल्यासाठी आज्ञा आहे हे ठरवतानाही गफलत होते. जे घडले त्याची नोंद आणि जे करायला सांगितले ती आज्ञा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिदोनाने लोकर पसरून देवाकडे खूण मागितली, ही नोंद आहे. देव त्याच्याशी आधीच बोलला होता आणि तरी त्याचे मन कचरत होते, असे तो उतारा सांगतो. तरीही निर्णय घेण्याची पद्धत म्हणून ती लोकर आजवर वापरली जाते. अब्राहामाला मुलाचे अर्पण करायला मोरियाच्या डोंगरावर जायला सांगितले ते अब्राहामालाच. होमार्पणाचे नियम ख्रिस्ताच्या एकाच अर्पणात पुरे झाले, हे इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय उलगडून सांगतो. तेव्हा वहीत ओळ लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न: कोण बोलतो आहे, कोणाला, आणि प्रभू येशू व प्रेषित यांनी ते पुढे कसे घेतले. एवढ्याने नव्वद टक्के गोंधळ मिटतो. उरलेल्यासाठी पाळकांना किंवा जाणत्या विश्वासणाऱ्याला विचारावे. विचारायला जाणे हीसुद्धा नम्रतेची एक ओळ होऊ शकते.

अर्धवट आज्ञापालन म्हणजे काय, याचा धडा ऑगस्टमध्ये येतो: 1 शमुवेल 15. अमालेकी लोकांचा जनावरांसकट समूळ नाश करावा, या त्या अध्यायातल्या आज्ञेचा कठोरपणा हा वेगळा आणि अवघड विषय आहे. इथे बघायचे ते इस्राएलाचा राजा शौल याचे वागणे. तो लढाई जिंकतो, अगाग राजाला जिवंत ठेवतो, मेंढरागुरांतली उत्तम तेवढी राखतो आणि टाकाऊ तेवढी मारतो. मग कर्मेल येथे स्वतःचे स्मारक उभारतो. संदेष्टा शमुवेल भेटतो तेव्हा शौल आपणहून म्हणतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानी पडणारे हे मेंढरांचे बेंबावणे कसले? यावर शौल तीन वाटा काढतो. लोकांनी राखली, म्हणजे मी नव्हे. यज्ञासाठी राखली, म्हणजे हेतू धार्मिक. आणि बाकीचा नाश केलाच की, म्हणजे बहुतांश काम झाले. शमुवेल त्याला आठवण देतो की तू आपल्याच दृष्टीने लहान होतास तेव्हा तुला राजा केले. शेवटी शौल पापही कबूल करतो, लोकांना भ्यालो हेही सांगतो, पण लगेच म्हणतो की वडिलांसमोर माझा मान राख.

वहीत रेघ मारताना हा अध्याय डोळ्यांसमोर असावा. ‘भावाला फोन केला, पण माझी बाजूही सांगितली.’ ‘पैसे दिले, निम्मे.’ ‘ऐकून घेतले, नंतर दुसऱ्यापाशी हसलो.’ या सगळ्या अर्ध्या रेघा. त्या पुऱ्या म्हणून मारल्या की मेंढरे कुठेतरी बेंबावत राहतात. अशा वेळी टिंब टिंबच ठेवणे अधिक प्रामाणिक. दुसऱ्या दिवशी उरलेला निम्मा भाग हीच त्या दिवसाची ओळ करायची, नवी शोधायची नाही.

आता तक्ता प्रत्यक्ष कुठे तुटतो ते. पहिला खड्डा मार्चअखेरीस. पहिल्या रकान्यात लेवीय सुरू होते आणि एप्रिलचा बहुतेक महिना खाते. आधी निर्गमाच्या शेवटी निवासमंडपाचे पडदे, खांब आणि कड्या दोनदा येऊन गेलेल्या असतात, त्यामुळे वाचक तिथे थकूनच पोचतो. दिलासा असा की याच महिन्यात दुसऱ्या रकान्यात स्तोत्रे चालू असतात. आणि एप्रिलच्या मध्यात लेवीय 19 येतो. वहीत लिहायला सबंध तक्त्यात याहून सोपा अध्याय क्वचितच सापडेल. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत. न्यायात गरिबाकडे झुकू नये आणि मोठ्याचाही मान राखू नये. चहाड्या करत फिरू नये. पिकल्या केसांपुढे उठून उभे राहावे. परक्याला आपल्यासारखा लेखावा. तराजू खरा, वजने खरी. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञाही यांच्यामध्येच बसलेली आहे. लेवीय कोरडे म्हणून सोडणारा नेमका हा अध्याय गमावतो. कोणाचे देणे अडवून ठेवले असेल त्याने त्या दिवशी दुसरी ओळ शोधू नये.

दुसरा खड्डा थकबाकीचा. चार दिवस चुकले की 17 अध्याय साचतात. शनिवारी रात्री ते उरकायला बसलेला माणूस वचन वाचत नसतो, हप्ते फेडत असतो. मॅकशेन यांचा तिसरा धोका तो हाच. यावर उपाय तक्त्याच्या रचनेतच दडलेला आहे आणि फार थोडे लोक तो वापरतात. दुसरा आणि चौथा रकाना वर्षात एकमेकांची भरपाई करतात, कारण नवा करार आणि स्तोत्रे दोनदा आहेत. त्यामुळे चुकलेल्या दिवसाचे हे दोन रकाने सोडून द्यावेत. तो भाग वर्षात या दोघांतल्या उरलेल्या रकान्यातून एकदा आलेला असतो किंवा यायचा असतो. भरून काढायचेच असेल तर पहिला आणि तिसरा, तोही रोज एकच अध्याय जादा घेऊन. आठवड्याहून जास्त खंड पडला तर तेही नको. सरळ आजची तारीख उघडावी. लीप वर्षी 29 फेब्रुवारीला तक्त्यात काहीच नेमलेले नाही, तो दिवस राहिलेल्यासाठी आयता मिळतो.

चार ठिकाणी उड्या मारताना धागा तुटतो, ही तक्रार रास्त आहे. रंगीत फितींच्या चार खुणा पुस्तकात कायम ठेवल्या तर शोधाशोध थांबते आणि काल कुठे होतो ते लगेच दिसते. ज्यांना एका बैठकीत चारही जड जातात त्यांनी दोन सकाळी, दोन रात्री वाचावेत. मूळ योजनाही घरात एकत्र आणि एकांतात अशी दोन बैठकांचीच आहे. फेब्रुवारीत तिसऱ्या रकान्यात ईयोब असतो. ईयोबाच्या मित्रांची लांबलचक भाषणे रोज एकेक अध्याय वाचताना पकड सुटते. तिथे कोण बोलतो आहे ते समासात लिहीत जावे. नाहीतर ज्या बोलण्याला शेवटी देवाने चूक ठरवले तेच कोणीतरी आज्ञा म्हणून वहीत उतरवायचा.

कुटुंबाच्या रकान्याविषयी एक इशारा. पहिला रकाना घरात मोठ्याने वाचायचा आहे, आणि त्यात काहीही वगळलेले नाही. जानेवारीतच उत्पत्ती 19 येतो, पुढे 34 आणि 38. उन्हाळा सरल्यावर शास्ते 19, जो मोठ्यांनाही वाचवत नाही. नोव्हेंबरात 1 इतिहासाच्या नऊ अध्यायांची वंशावळ. घरात लहान मुले असतील तर वाचणाऱ्याने आदल्या रात्री अध्याय पाहून ठेवावा, आणि त्या दिवशी फक्त दुसरा रकाना मोठ्याने वाचावा. मुलांसमोर पाच-सात वचने आणि एक प्रश्न पुरतो: ‘यात देवाने काय करायला सांगितले?’ मुलांनी दिलेले उत्तर आई-वडिलांनी त्याच दिवशी त्यांच्यादेखत केले, तर बाकी स्पष्टीकरणाची गरज पडत नाही. न केले तर मुलांच्या ते लक्षात राहते.

आता अ‍ॅपची बाजू. छापील कार्डावर चुकलेला दिवस म्हणजे एक कोरा चौकोन. अ‍ॅपमध्ये तो म्हणजे शून्य. सलग 112 दिवसांची साखळी एका आजारपणाने तुटते आणि पडदा जणू म्हणतो की पुन्हा पहिल्यापासून. देवाशी निष्ठा अशी मोजली जात नाही. तापाने फणफणलेल्या आईच्या उशाशी रात्र काढलेल्याने त्या दिवशी आईबापाचा मान राखण्याची पाचवी आज्ञा पाळलेली असते. याचे दुसरे टोक अधिक घातक आहे. साखळी न तुटलेला माणूस ती इतरांना दाखवू लागतो, गटात चित्र टाकतो, खाली शाबासक्या पडतात. 6 जानेवारीला मत्तय 6 वाचून, म्हणजे दान, प्रार्थना आणि उपास गुप्तपणे करा हे वाचून, त्याच वाचनाची खूण जाहीर करणे यातली विसंगती बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही. अ‍ॅप वापरायचेच असेल तर साखळीचा आकडा, आठवणीचे ठोके आणि वाटण्याची सोय ही तिन्ही बंद करून वापरावे. डोळे अधू असतील किंवा ऐकत वाचायचे असेल तर अ‍ॅपला पर्याय नाही, हे मान्य. बाकीच्यांना कागद बरा.

नम्रतेसाठी वाचनाचा उपयोग कसा व्हावा, याचे सर्वांत नेमके कलम जूनमध्ये येते, अनुवाद 17 मध्ये. राजाने गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची नक्कल करून घ्यावी, ती जवळ बाळगून आयुष्यभर वाचावी, म्हणजे तो देवाचे भय बाळगायला, आज्ञा पाळायला शिकेल आणि त्याचे मन आपल्या भाऊबंदांपेक्षा चढून जाणार नाही. वाचनाचे फळ म्हणून इथे ज्ञान किंवा अधिकार सांगितलेला नाही. मन खाली राहणे सांगितले आहे. याच्या उलट घडत असेल, म्हणजे जितके वाचन जास्त तितके मंडळीतल्या कमी वाचणाऱ्यांविषयी मनात तुच्छता जास्त, तर तक्ता काही काळ बाजूला ठेवून रोज दहा वचनांवर यावे. लूक 18 मधला, दुसऱ्याला तुच्छ लेखणारा परूशी आठवड्यातून दोनदा उपास करत होता, आणि त्याचा हिशेब चोख होता.

आज्ञाधारकपणा हा शब्द दुसऱ्यांना वाकवण्यासाठीही वापरला जातो. पुढाऱ्यांचे ऐका हे इब्री 13:17 वारंवार ऐकवायचे आणि कळपावर धनीपणा करू नका हे 1 पेत्र 5:3 कधीच वाचायचे नाही, असे पुढारीपण सगळीकडे आढळते. सबंध शास्त्र क्रमाने वाचणाऱ्याच्या हाती दोन्ही वचने वर्षातून दोनदा येतात. 5 जानेवारीला कृत्ये 5 मध्ये पेत्र न्यायसभेसमोर सांगतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. 17 जानेवारीला कृत्ये 17 मध्ये बिरुया गावचे लोक प्रत्यक्ष प्रेषित पौलाचे बोलणेही शास्त्रात रोज पडताळून पाहतात, आणि त्याबद्दल त्यांची थोरवी सांगितली जाते. निवडक वचनांच्या कॅलेंडरपेक्षा हा तक्ता इथे निश्चितच सरस ठरतो, कारण काय गाळायचे हे ठरवणारा मध्ये कोणी नसतो.

कोणी घ्यावा? ज्याने शास्त्र एकदा तरी निम्म्याहून अधिक वाचले आहे आणि ज्याचा अर्धा तास रोज स्वतःचा असतो, त्याने चारही रकाने. नव्या विश्वासणाऱ्याने पहिल्या वर्षी एकटा दुसरा रकाना घ्यावा. 1 जानेवारी ते 31 मार्च एवढ्यात रोज साधारण एका अध्यायाने चारही शुभवर्तमाने होतात, मग स्तोत्रे, मग प्रेषितांची कृत्ये आणि पत्रे. मधल्यांसाठी दोन वर्षांची वाटणी आहे: पहिल्या वर्षी पहिले दोन रकाने, दुसऱ्या वर्षी पुढचे दोन. त्यात जुना करार दोन वर्षांत एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दरवर्षी एकदा होतात. वाचन निम्म्यावर येते आणि वहीतल्या ओळीला वेळ उरतो. आज्ञापालन हाच हेतू असेल तर माझी पसंती या दोन वर्षांच्या रूपाला. पूर्ण तक्त्यात 119 व्या स्तोत्राला दिलेली वागणूक मात्र दाद देण्यासारखी आहे. आठ-आठ वचनांची 22 कडवी, एकूण 176 वचने, जवळजवळ प्रत्येकात देवाच्या आज्ञेचा उल्लेख. ते एका दिवशी न देता बहुतांशी 24-24 वचनांच्या तुकड्यांत वाटले आहे.

कॅथलिक बायबल वापरणाऱ्यांसाठी: तक्ता 66 पुस्तकांचा आहे, जुन्या करारातली जादा सात पुस्तके यात नाहीत, ती वेगळी जोडून घ्यावी लागतील. काही आवृत्त्यांत मलाखीचे तीनच अध्याय असतात. तिथे 31 डिसेंबरचा ‘मलाखी 4’ तिसऱ्याच्या शेवटी सापडतो. काही आवृत्त्यांत स्तोत्रांचे क्रमांकही एकाने मागेपुढे असतात.

सुरुवातीला 1 जानेवारीची वाट पाहायची गरज नाही. आज जी तारीख आहे तिथून उघडावे. पहिला रकाना 31 डिसेंबरला 2 इतिहास 36 वर संपतो, आणि त्याची शेवटची वाक्ये म्हणजे यरुशलेमला परत जाण्याची मोकळीक देणारे कोरेश राजाचे फर्मान. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रकान्यात एज्रा 1 उघडला की जवळजवळ त्याच शब्दांनी सुरुवात होते.